दोन मीटर, दोन आकडे: ट्रान्समीटरला हात लावण्याआधी

"सर, तो पाच नंबरचा ट्रान्समीटर पुन्हा सरकून रायला."

एका उन्हाळ्यात हा फोन मला दर पंधरा दिवसांनी यायचा. नागपूरजवळचा कारखाना, नाव सांगत नाही. ० ते १० बारचा प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून त्या प्रमाणात करंट तारेवरून पाठवणारं उपकरण, आउटपुट ४ ते २० मिलिॲम्पिअर. ५ बार दाब दिला की लूपमध्ये, म्हणजे त्या करंटच्या सर्किटमध्ये, १२ मिलिॲम्पिअर यायला हवेत. पहिल्या पाळीतल्या पोराने मीटर लूपमध्ये घातला, १२.०६ दिसलं. त्याने आउटपुट ट्रिम करून, म्हणजे थोडा सरकवून, बरोबर १२.०० वर आणून ठेवलं आणि रजिस्टरमध्ये सही केली. पंधरवड्याने दुसऱ्या पाळीतल्याने दुसऱ्या मीटरने बघितलं, त्याला ११.९५ दिसलं. त्यानेही प्रामाणिकपणे ट्रिम केलं. मग परत पहिला. रजिस्टर उघडलं तर नोंदी अशा: खाली, वर, खाली, वर. ट्रान्समीटर बदलायचा प्रस्ताव खरेदी विभागात जाऊन पडला होता आणि दोन्ही पोरं एकमेकांचा मीटर 'फेकू' आहे असं सांगत होती.

दोन्ही मीटरवर कॅलिब्रेशनचं ताजं स्टिकर होतं.

दोन मीटर दोन आकडे दाखवतात, खरा कोणता, हा प्रश्न मला या ना त्या रूपात कायम विचारला जातो. बॅटरीचा व्होल्टेज दोन मीटरवर वेगळा, मोटारीच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स तीन फेजला तीन, क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) एक सांगतो आणि पॅनेलवरचा ॲमीटर दुसरं. मूळ बहुतेक वेळा एकच असतं. डब्यावर छापलेला टक्का वाचलेला असतो, पण समोर दिसत असलेल्या आकड्याला तो लावून बघितलेला नसतो.

गणिताच्या आधी पाच मिनिटं

मीटरची बॅटरी बदला. स्वस्त मीटरमध्ये बॅटरी उतरली की आतला रेफरन्स व्होल्टेजही उतरतो आणि रीडिंग जास्त दाखवायला लागतं. डिस्प्लेवर बॅटरीचं चिन्ह आलं असताना घेतलेलं रीडिंग रजिस्टरमध्ये लिहूच नये. प्रोब हलवून बघा, लीड मुळाशी तुटलेली असली की आकडा नाचतो. दोन मीटरची तुलना करायची तर एकाच वेळी, एकाच जागी करा: व्होल्टेज असेल तर दोन्ही समांतर, करंट असेल तर दोन्ही एकापाठोपाठ एकाच लूपमध्ये. सकाळी एका मीटरने आणि दुपारी दुसऱ्याने घेतलेले आकडे समोरासमोर ठेवून भांडणं व्यर्थ आहे, तेवढ्या वेळात मोजायची वस्तूच बदललेली असते.

एवढं करूनही फरक राहिला तर कागद-पेन घ्या.

डेटाशीटमधला तो कंस

हातात धरायच्या डिजिटल मल्टिमीटरची अचूकता साधारण अशी लिहिलेली असते: ±(०.५% + २). यातला पहिला भाग सगळे वाचतात, दुसरा कुणी वाचत नाही. पहिला भाग म्हणजे दिसत असलेल्या रीडिंगचा टक्का. दुसरा भाग म्हणजे काउंट, डिस्प्लेवरच्या शेवटच्या आकड्याच्या इतक्या पायऱ्या. त्या पायरीची किंमत रेंजवर ठरते. डिस्प्लेवर १२.४८ दिसत असेल तर एक काउंट म्हणजे ०.०१ व्होल्ट, १२.५ दिसत असेल तर ०.१ व्होल्ट.

हे दोन भाग वेगवेगळ्या दुखण्यांचे आहेत. टक्केवारी येते ती मुख्यतः आतल्या रेफरन्समधून आणि रेझिस्टरच्या डिव्हायडरमधून. ते थोडे इकडेतिकडे असले की प्रत्येक रीडिंग त्याच प्रमाणात इकडेतिकडे जातं. काउंट येतात ते ऑफसेट, नॉइज आणि आकडा तोडण्याच्या चुकीतून. मोजायची वस्तू छोटी असो की मोठी, हा हिस्सा तेवढाच राहतो.

ऑटोरिक्षाचं भाडं डोळ्यांसमोर आणा. काउंट म्हणजे किमान भाडं. दोन गल्ल्या पलीकडे गेलात तरी ते द्यावंच लागतं, म्हणून छोटा प्रवास किलोमीटरमागे महाग पडतो. टक्केवारी म्हणजे त्यापुढचं किलोमीटरमागचं भाडं. रेंजच्या तळाशी मोजणं हा तो छोटा प्रवास.

आता एक हिशोब सावकाश करू. बाजारात मिळणारा साधा २००० काउंटचा मीटर घ्या, म्हणजे १९९९ पर्यंत मोजणारा. २० व्होल्टची रेंज, ±(०.५% + २). बॅटरीवर त्याने १२.४८ दाखवलं. १२.४८ चा अर्धा टक्का ०.०६२४ व्होल्ट. दोन काउंट म्हणजे ०.०२. बेरीज ०.०८२४. दुसरा मीटर ६००० काउंटचा, ६० व्होल्टची रेंज, ±(०.०५% + १). त्याने १२.४१ दाखवलं. त्याचे ०.००६२ आणि ०.०१ मिळून ०.०१६२.

दोन रीडिंगमधला फरक ०.०७. दोन्ही मर्यादांची बेरीज ०.०९८६. फरक बेरजेच्या आत आहे, म्हणजे दोघांपैकी कुणालाही दोष देता येत नाही. दोन्ही मीटर आपापल्या शब्दाला जागले आहेत.

पण पहिल्या मीटरने १२.५२ दाखवलं असतं तर? त्याची मर्यादा ०.०८२६ होते, दोघांची बेरीज ०.०९८८, आणि फरक ०.११. फरक बेरजेच्या बाहेर. आता कुणीतरी एक नक्की स्वतःच्या डेटाशीटबाहेर गेलाय. कोण ते या हिशोबातून कळत नाही, आणि महागडा आहे तो खरा असं धरून चालू नका. तिसरा मीटर आणून बहुमत घेण्याची पद्धतही फार लोकप्रिय आहे. एकाच खोक्यातून आलेले तीन मीटर तिन्ही एकाच बाजूला चुकलेले असू शकतात. इथे ज्ञात मूल्याचा स्रोत लागतो, किंवा कॅलिब्रेशन सर्टिफिकेट उघडावं लागतं.

फरक आणि मर्यादांची बेरीज ही तुलना पोरांना एकदा शिकवली की निम्मे फोन कमी होतात. माझे तरी झाले.

रेंज बदलली की अचूकताही बदलते

त्याच २००० काउंटच्या मीटरने २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय मोजा. २० च्या रेंजमध्ये मावत नाही, म्हणून मीटर २०० च्या रेंजवर जातो आणि २४.१ दाखवतो. आता एक काउंट ०.१ व्होल्टचा. अर्धा टक्का ०.१२, दोन काउंट ०.२, एकूण ०.३२ व्होल्ट. खरा व्होल्टेज २३.७८ ते २४.४२ मध्ये कुठेही असू शकतो. डब्यावर ०.५% लिहिलंय आणि प्रत्यक्षात मिळाले १.३%. याच मीटरने १९.९ व्होल्ट मोजले असते तर मर्यादा जेमतेम ०.१२ होती.

ऑटोरेंज मीटर रेंज स्वतः निवडतो हे खरं, पण हाताने निवडलेली रेंज धरून ठेवायचं बटण चुकून दाबलेलं असलं तर तो ५ व्होल्टही ६०० च्या रेंजवर दाखवत बसतो. ५.० दिसलं की थांबा आणि विचारा, ५.००० का नाही दिसत?

तळाशी मोजण्याचा सगळ्यात वाईट नमुना म्हणजे मोटारीचं वाइंडिंग. ६०० ओहमच्या रेंजवर रिझोल्यूशन ०.१ ओहम, अचूकता ±(०.२% + २). वाइंडिंग ०.८ ओहमचं. टक्क्याचा हिस्सा ०.००१६, म्हणजे विसरून जा. काउंटचा हिस्सा ०.२ ओहम. म्हणजे ०.८ मध्ये ±०.२, सरळ २५%. शिवाय प्रोबच्या तारांचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओहम असतो. तीन फेजला ०.७, ०.८, ०.९ आले म्हणून "वाइंडिंग अनबॅलन्स आहे" असा शेरा मारून मोटार रिवाइंडिंगला पाठवलेली मी पाहिली आहे. या कामाला चार तारांचा मायक्रोओहममीटर लागतो. दोन तारांतून करंट, दोन तारांतून व्होल्टेज, त्यामुळे तारांचा रेझिस्टन्स हिशोबात येतच नाही. साधा मीटरच हाताशी असेल तर प्रोब एकमेकांना टेकवून रिलेटिव्ह बटण दाबा, तारांचा हिस्सा वजा होतो. मात्र काउंटचा हिस्सा वजा होत नाही, एवढं लक्षात असू द्या.

क्लॅम्प मीटरचं तेच. ±(२% + ५), रिझोल्यूशन ०.१ ॲम्पिअर, आणि मोजायचेत २.० ॲम्पिअर. ०.०४ अधिक ०.५, म्हणजे ±०.५४, चौथ्या हिश्शाहून जास्त. इथे एक जुनी युक्ती आहे: तार क्लॅम्पमधून दहा वेळा फिरवा. मीटर २०.० दाखवेल, त्याची मर्यादा ०.४ अधिक ०.५ म्हणजे ०.९, आणि दहाने भागल्यावर ०.०९ ॲम्पिअर. २७ टक्क्यांवरून साडेचार टक्क्यांवर आलात, एक पैसा खर्च न करता. तार लवचीक हवी, हे ओघाने आलंच.

पॅनेलवरचे काट्याचे मीटर तर वेगळ्याच कायद्याने चालतात. त्यांचा 'क्लास' पूर्ण स्केलच्या टक्क्यात असतो. ३०० व्होल्टचा, १.५ क्लासचा व्होल्टमीटर स्केलवर कुठेही ±४.५ व्होल्ट चुकू शकतो. २३० वर ते २ टक्क्यांच्या आत बसतं, ६० वर साडेसात टक्के होतं. म्हणून काटा स्केलच्या वरच्या भागात राहील असाच मीटर निवडायचा असं जुने लोक सांगायचे.

बेंचवरच्या मोठ्या मीटरची भाषा थोडी निराळी असते. तिथे काउंटऐवजी रेंजचा टक्का लिहितात. ३४४०१ए हा साडेसहा आकडी मीटर कित्येक प्रयोगशाळांमध्ये अजून टेबलावर दिसतो. त्याची १० व्होल्टच्या रेंजवर एक वर्षाची अचूकता रीडिंगच्या ०.००३५% अधिक रेंजच्या ०.०००५% आहे. ५ व्होल्ट मोजले तर १७५ मायक्रोव्होल्ट अधिक ५० मायक्रोव्होल्ट, एकूण २२५. डिस्प्लेवर शेवटचा आकडा १० मायक्रोव्होल्टचा. म्हणजे इतक्या नावाजलेल्या मीटरवरही शेवटच्या आकड्याच्या सुमारे २२ पायऱ्या इकडेतिकडे चालतात. डिस्प्लेवर आकडे जास्त दिसतात याचा अर्थ रिझोल्यूशन जास्त आहे एवढाच. अचूकता वेगळी मोजायची.

ऑसिलोस्कोपवर ५ व्होल्टची रेल ५.१८ दिसली म्हणून पॉवर सप्लाय उघडणाऱ्यांसाठी एकच वाक्य: ±३% पूर्ण स्केल असलेल्या स्कोपवर, १ व्होल्ट प्रति डिव्हिजन आणि आठ डिव्हिजन धरले तर, ०.२४ व्होल्ट माफ असतात.

२३ अंश, आणि आमचा मे महिना

डेटाशीटच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: वरील अचूकता २३ ± ५ अंश सेल्सिअस तापमानाला. म्हणजे १८ ते २८. नागपुरात मे महिन्यात हे तापमान एसीच्या खोलीतच मिळतं. बाहेर उघड्यावर, पाइपरॅकखाली, जंक्शन बॉक्सजवळ ४२ अंश म्हणजे साधा दिवस.

बऱ्याच चांगल्या हातातल्या मीटरला २८ च्या वर किंवा १८ च्या खाली प्रत्येक अंशामागे मूळ मर्यादेच्या ०.०५ पट भर पडते, काहींना ०.१ पट. ४२ अंशांना २८ च्या वर १४ अंश झाले. १४ गुणिले ०.०५ म्हणजे ०.७. मूळ मर्यादा १.७ पट झाली. ०.१ पटवाला मीटर असेल तर २.४ पट. मीटर गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेला होता आणि आत्ताच काढला असेल, तर हा हिशोबही सोडून द्या. आधी त्याला सावलीत अर्धा-पाऊण तास बसू द्या.

आमचा फोन उन्हाळ्यातच जास्त का वाजायचा, याचं अर्धं उत्तर या बारीक ओळीत होतं.

सूत्रात जे येत नाही

अचूकतेचा कंस कितीही नीट मांडला तरी काही चुका त्याच्या बाहेर राहतात, आणि त्या कधी कधी कंसापेक्षा कितीतरी मोठ्या असतात.

पहिली, लोडिंग. १० व्होल्टवर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावलेत, मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट हवेत. १० मेगाओहम इनपुटचा मीटर लावला की तो खालच्या रेझिस्टरला समांतर जातो आणि ४.७६ दाखवतो. काही अगदी स्वस्त मीटरांचा इनपुट १ मेगाओहमचाच असतो, तो ३.३३ दाखवतो. दोन्ही मीटर अचूक आहेत! प्रोब लावल्यावर तिथे खरोखरच तेवढाच व्होल्टेज उरला. मीटरने सर्किट बदललं आणि मग बदललेलं सर्किट बरोबर मोजलं. हाय इम्पिडन्स (मोठ्या रेझिस्टन्सच्या) सर्किटवर दोन मीटर फार वेगळे आकडे देत असतील तर सगळ्यात आधी दोघांचा इनपुट रेझिस्टन्स बघा.

याच्या उलट भूत-व्होल्टेज. बंद केलेल्या केबलवर शेजारच्या चालू केबलमुळे ८०–९० व्होल्ट दिसतात. १० मेगाओहमचा मीटर ते दाखवतो, टेस्ट लॅम्प पेटत नाही. कमी इम्पिडन्सचा मोड असलेल्या मीटरवर ते विरघळून जातं. मात्र "भूतच असेल" म्हणून हात लावायचा नाही. नीट सिद्ध करूनच.

दुसरी, वेव्हफॉर्म. ट्रू आरएमएस (कोणत्याही आकाराच्या वेव्हची खरी परिणामी किंमत काढणारा) नसलेला मीटर सरासरी मोजतो आणि साइन वेव्ह गृहीत धरून १.११ ने गुणून दाखवतो. स्क्वेअर वेव्ह दिली तर तो ११% जास्त दाखवणारच. रेक्टिफायर आणि कॅपॅसिटर असलेल्या लोडचा टोकदार करंट दिला तर बराच कमी दाखवेल. व्हीएफडीच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आउटपुटवर तर ट्रू आरएमएस मीटरही लो-पास फिल्टर चालू केल्याशिवाय मोटारीला लागू पडेल असा आकडा देत नाही, कारण तो ड्राइव्हच्या स्विचिंगची, म्हणजे कॅरिअरची, फ्रिक्वेन्सीही मोजतो. एसीच्या अचूकतेपुढे फ्रिक्वेन्सीची पट्टी लिहिलेली असते, तीही बघायची.

सर्टिफिकेट फायलीत ठेवण्यासाठी नसतं

एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबमधून मीटर कॅलिब्रेट होऊन येतो. स्टिकर लागतं, सर्टिफिकेट फायलीत जातं, ऑडिटर येईपर्यंत कुणी उघडत नाही. अनेकांना वाटतं, कॅलिब्रेशन म्हणजे मीटर दुरुस्त करून शून्यावर आणला. तसं नाही. कॅलिब्रेशन म्हणजे तुमचा मीटर लॅबमधल्या प्रमाण उपकरणाच्या तुलनेत किती चुकतो ते मोजून लिहून देणं. ॲडजस्टमेंट वेगळी, ती सांगितल्याशिवाय बहुधा करत नाहीत.

मी दोन्ही मीटरांची सर्टिफिकेटं काढली. पहिला मीटर: १०.००० मिलिॲम्पिअर दिले, १०.०३ दाखवले, चूक +०.०३. दुसरा: ९.९८ दाखवले, चूक –०.०२. दोघांचीही विस्तारित अनिश्चितता ±०.००६, के = २, म्हणजे साधारण ९५% खात्रीने. यातली बहुतेक अनिश्चितता मीटरच्याच ०.०१ रिझोल्यूशनमधून येते: ०.०१ भागिले √१२, गुणिले २, झाले ०.००५८. लॅबने कितीही भारी प्रमाण वापरलं तरी या मीटरसाठी यापेक्षा चांगला आकडा येणार नाही.

दोन्ही मीटरांची अचूकता ±(०.२% + ४), रिझोल्यूशन ०.०१. १० मिलिॲम्पिअरला मर्यादा ०.०२ अधिक ०.०४, म्हणजे ०.०६. दोन्ही चुका तिच्या आत, दोन्ही मीटर पास, दोन्ही स्टिकरं खरी. आणि एक वरच्या बाजूला पास, दुसरा खालच्या बाजूला. पंधरा दिवसांनी होणारी ती वर-खाली इथून येत होती.

मग एका सकाळी दोन्ही मीटर एकापाठोपाठ एकाच लूपमध्ये घातले. पहिल्यावर १२.०४, दुसऱ्यावर ११.९९. सर्टिफिकेटमधली दुरुस्ती केली, पहिल्यातून ०.०३ वजा, दुसऱ्यात ०.०२ अधिक: दोन्हीकडे १२.०१. दोन्ही पोरं शेजारी उभी होती. "म्हणजे आमच्यातला कोणी फेकू नव्हता," त्यातला एक म्हणाला.

मुळात हा मीटर या कामाचा आहे का?

आता खरा हिशोब. १२.०६ मिलिॲम्पिअरला मर्यादा: ०.२% चे ०.०२४ आणि चार काउंटचे ०.०४, एकूण ०.०६४. ४२ अंशांना ती १.७ पट, म्हणजे ०.१०९ मिलिॲम्पिअर. लूपचा स्पॅन, म्हणजे ४ ते २० मधलं अंतर, १६ मिलिॲम्पिअर, तेव्हा हे झालं स्पॅनच्या ०.६८%, बारमध्ये ०.०६८. आणि ट्रान्समीटरची स्वतःची अचूकता स्पॅनच्या ०.१%, म्हणजे ०.०१६ मिलिॲम्पिअर. तपासणारा तपासल्या जाणाऱ्यापेक्षा जवळजवळ सातपट जाडा. रूढ नियम उलटा आहे: तपासणारं उपकरण निदान चारपट बारीक असावं. मच्छी बाजारातल्या काट्यावर सोनं तोलून सोनाराशी भांडण्याचाच हा प्रकार.

मीटर तोच ठेवून बरंच सुधारता येतं. मिलिॲम्पिअरच्या रेंजऐवजी लूपमध्ये २५० ओहमचा, ०.०१% चा, कमी टेम्परेचर कोइफिशंटचा रेझिस्टर घाला आणि त्याच्यावरचा व्होल्टेज मोजा. १२ मिलिॲम्पिअरला ३.००० व्होल्ट. त्याच मीटरची डीसी व्होल्टची अचूकता ±(०.०५% + १), ६ व्होल्टच्या रेंजवर रिझोल्यूशन १ मिलिव्होल्ट. १.५ अधिक १, म्हणजे २.५ मिलिव्होल्ट. उन्हाची १.७ पट धरून ४.२५. २५० ने भागलं की ०.०१७ मिलिॲम्पिअर, स्पॅनच्या ०.१०६%. रेझिस्टरची स्वतःची चूक ०.००१२, तापमानामुळे थोडी वाढली तरी किरकोळ. ०.६८ वरून ०.११ वर आलात, सहापट. मीटर बदलला नाही, फक्त त्याची चांगली रेंज वापरली. मल्टिमीटरची डीसी व्होल्ट रेंज जवळपास नेहमीच सगळ्यात बारीक असते, म्हणून जे मोजायचं ते शक्य असेल तिथे व्होल्टमध्ये आणा. काम झाल्यावर रेझिस्टर काढायला विसरू नका, नाहीतर कमी सप्लायच्या लूपमध्ये २० मिलिॲम्पिअर पोचायला व्होल्टेज पुरणार नाही.

तरी हे एकास एक झालं, चारास एक नाही. म्हणून शेवटी लूप कॅलिब्रेटर (लूपचा करंट बारीक मोजणारं खास उपकरण) काढला, ±(०.०२% + २), रिझोल्यूशन ०.००१ मिलिॲम्पिअर. १२ ला ०.००२४ अधिक ०.००२, एकूण ०.००४४. ०.०१६ भागिले ०.००४४ म्हणजे ३.६. चाराच्या जवळ. वेळ सकाळी सातची, तापमान २८ च्या आत.

अशा साखळीत दोन-तीन उपकरणं आली की मर्यादा कशा जोडायच्या हा प्रश्न येतो. पास-नापास ठरवायचं असेल आणि चूक महागात पडणार असेल तर मी सरळ बेरीज करतो. चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत अशी खात्री असेल तर प्रत्येकीचा वर्ग, वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ. लॅबवाले त्याआधी डेटाशीटच्या मर्यादेला √३ ने भागतात आणि शेवटी २ ने गुणतात. रोजच्या कामाला पहिली पद्धत पुरते.

आणि मग मी विचारलं नव्हतं ते

लूपमध्ये १२.०१ निघाले तेव्हा मला वाटलं, संपलं. तसं नव्हतं, आणि ही चूक पोरांची नाही, माझी. लूप कॅलिब्रेटर लावल्यावर फील्ड कम्युनिकेटरवरून (ट्रान्समीटरला हुकूम देणारं हातातलं यंत्र) ट्रान्समीटरला लूप टेस्टमध्ये थेट १२ मिलिॲम्पिअर पाठवायला सांगितलं. दाबाचा संबंधच नाही, फक्त "१२ पाठव". कॅलिब्रेटरवर आले १२.१७.

म्हणजे आउटपुट ०.१७ ने वर ट्रिम झालेला होता. डीसीएसवर (कंट्रोल रूमच्या संगणकावर) ऑपरेटरला कित्येक आठवडे ०.१ बार जास्त दिसत होतं. मग ५ बार दिल्यावर लूपमध्ये १२.०१ कसे येत होते?

"५ बार कुठून देत होतास रे?"

"हॅण्डपंपावरच्या गेजवरून, सर."

गेज ० ते १६ बारचा, क्लास १.०. पूर्ण स्केलच्या एक टक्का म्हणजे ०.१६ बार, ट्रान्समीटरच्या स्पॅनच्या १.६%. मिलिॲम्पिअरमध्ये ०.२५६. आम्ही सगळे ०.०५ च्या फरकावर मीटरांची पंचायत बसवत होतो आणि इनपुटला पाचपट मोठी मर्यादा शांतपणे लटकत होती. गेज दरवेळी तोच असायचा, त्यामुळे त्याची चूक दरवेळी सारखीच यायची आणि दोन मीटरांच्या फरकात ती कधी दिसलीच नाही. पहिल्याच ट्रिमने ती ट्रान्समीटरमध्ये शिरली होती.

आउटपुट ट्रिम कॅलिब्रेटरवर १२.००० ला आणला, ४ आणि २० लाही तपासला. लॅबमधला डिजिटल प्रेशर कॅलिब्रेटर मागवून बरोबर ५.००० बार दिले: लूपमध्ये १२.००४. ट्रान्समीटर त्याच्या ०.०१६ च्या आत, सेन्सरला हात लावायची गरज पडली नाही. त्या वेळी हॅण्डपंपावरच्या गेजचा काटा ५.१ वर होता. तोही त्याच्या ०.१६ च्या आतच.

खरेदी विभागातून नव्या ट्रान्समीटरचा प्रस्ताव परत घेतला आणि त्याच कागदावर २५० ओहमचे चार रेझिस्टर आणि एक प्रेशर कॅलिब्रेटर लिहिला. रेझिस्टर आठवड्यात आले. प्रेशर कॅलिब्रेटरची फाइल अजून फिरून रायली.